वाकडी बोटं आणि आपली भीती: कुष्ठरोगाचा कलंक चालतो कसा?

एमसीआर चप्पल नावाची एक चप्पल असते. मायक्रोसेल्युलर रबर, म्हणून एमसीआर. तळव्याला लागणारा थर मऊ, जमिनीला लागणारा कडक, टाचेमागे पट्टा, आणि अख्ख्या चपलेत एकही खिळा नाही. कुष्ठरोगामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना गेली आहे त्यांना ती सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते. काटा घुसला, खडा रुतला, चपलेचा खिळा वर आला, यातलं काहीच ज्याला कळत नाही त्याला ही चप्पल औषधाइतकीच गरजेची. तरी अनेकांच्या घरात ती कोपऱ्यात धूळ खात पडलेली असते. का घालत नाही म्हणून विचारलं, तर उत्तर मिळतं: घातली की गावाला कळतं.

कलंक म्हणजे काय हे समजून घ्यायला मला ही चप्पल पुरेशी वाटते. एखादी खूण दिसते आणि त्या खुणेवरून अख्ख्या माणसाचा निकाल लागतो. मग माणूस ती खूण लपवायला लागतो आणि लपवता लपवता स्वतःचं आणखी नुकसान करून घेतो. अनवाणी किंवा साध्या रबरी चपलेत शेतात गेलेल्या त्या पायाला जखम होते, ती दुखत नाही म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही, ती हाडापर्यंत जाते. आणि पाय आणखी वाकडा झाला की लोक म्हणतात, बघा, रोग वाढला.

रोग वाढलेला नसतो. बहुतेक वेळा तो केव्हाच गेलेला असतो.

इथे जंतूबद्दल थोडं सांगायला हवं, कारण भीतीचा सगळा घोळ इथेच आहे. नॉर्वेच्या आर्मॉर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला. हा जंतू क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, पण कमालीचा सुस्त. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. म्हणून लागण झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. शंभरातल्या पंचाण्णव लोकांच्या शरीरात तो मुळात तग धरत नाही. हात मिळवल्यानं, शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं तो लागत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घकाळच्या, जवळच्या सहवासात, त्याच्या नाकातोंडातून उडणाऱ्या तुषारांतून तो पसरतो. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही बहुविध औषधं सुरू झाली की काही दिवसांतच रुग्णापासून इतरांना धोका उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं हा उपचार १९८१ मध्ये सुचवला. आजार किती पसरला आहे त्यानुसार सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्यायच्या, त्याही मोफत.

म्हणजे संसर्ग कुणाकडून होऊ शकतो? ज्याच्या अंगावर औषध न मिळालेला आजार आहे त्याच्याकडून. आणि असा माणूस दिसायला बहुतेकदा तुमच्याआमच्यासारखाच असतो. कानाच्या पाळ्या जरा जाड, कातडी थोडी तेलकट, एखादा फिकट चट्टा, बस. उलट देवळाच्या पायरीवर बसलेला, बोटं आखडलेला म्हातारा बहुधा केव्हाच औषध पूर्ण केलेला असतो. त्याच्यापासून कुणाला काही होणार नाही. आपण नाणं वरून टाकतो ते त्याच्या हातात. लोकलमध्ये शेजारी बसून आपल्या मोबाइलमध्ये डोकावणारा आपल्याला चालतो. आपण घाबरतो ते नेमके चुकीच्या माणसाला.

असं का होतं, हे नसांमुळे कळतं. या जंतूला शरीराचे थंड भाग आवडतात आणि कातडीजवळून जाणाऱ्या नसा आवडतात. कोपर दारावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती नस त्याची लाडकी. ती सुजली, दबली, मेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली तर पाऊल लोंबतं, चेहऱ्याची गेली तर पापणी मिटत नाही. जंतू औषधानं मरतो, पण मेलेली नस गोळ्यांनी जिवंत होत नाही. त्यामुळे आजार बरा होतो आणि खूण मागे राहते. आग विझली तरी भिंत काळी राहावी तसं. कधीकधी औषध चालू असताना किंवा संपल्यावरही शरीराची प्रतिक्रिया म्हणून नसा सुजतात, दुखतात. त्यासाठी वेगळे उपचार आहेत आणि ते लगेच घ्यावे लागतात. पण घरच्यांना वाटतं, गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही, रोग उलटला.

बोटं झडतात हीसुद्धा अशीच एक समजूत. बोटं झडत नाहीत. बधीर हातानं गरम तवा धरला जातो, विडी बोटाला चटका देईपर्यंत ओढली जाते, कुऱ्हाडीचा दांडा तळहात सोलून काढतो. जखमा पिकतात, हाड आतून झिजतं, बोट आखूड होत जातं. वेल्लोरला शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस हे बारकाईनं पाहायला सुरुवात केली. काही रुग्णांची बोटं रात्रीतून नाहीशी होत, तेव्हा पाळत ठेवल्यावर कळलं की झोपेत उंदीर ती कुरतडतात आणि माणसाला पत्ता लागत नाही. त्यांनी रुग्णांना मांजरं दिली. दुखणं ही शरीराची केवढी मोठी सोय आहे ते ही गोष्ट वाचल्यावर मला खऱ्या अर्थानं कळलं.

काही वर्षांपूर्वी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात कुष्ठरोग शोध मोहिमेच्या वेळी मी एका आशाताईंबरोबर दिवसभर फिरलो होतो. या मोहिमेत आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक अशी जोडी घरोघर जाते, कारण पाठ-पोट उघडं करून दाखवायचं असतं आणि बाईनं बाईची, पुरुषानं पुरुषाची तपासणी करायची असते. बहुतेक दारांत एकच उत्तर. "नाही जी, आमच्याकडे तसलं काही नाही." 'तसलं' हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले. आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं. आशाताईही घेत नव्हत्या. त्या विचारत, "अंगावर कुठं फिक्कट, लालसर डाग? हात लावलेला समजत नाही असा?"

एका घरात सासूबाई ओसरीवर होत्या तोवर सून काही बोलली नाही. पाणी द्यायच्या निमित्तानं तिनं ताईंना आत नेलं. मागून ताईंनी मलाही हाक मारली, तिला विचारून. चाळिशीची बाई. दंडावर, बाहीखाली, रुपयाएवढा फिकट चट्टा. ताईंनी पिशवीतलं बॉलपेन काढलं. "डोळे मिट. टेकलं की तिथं बोट लाव." मनगटावर टेकवलं, बोट बरोबर तिथं आलं. कोपराजवळ, बरोबर. मग चट्ट्यावर. बोट हललं नाही. पुन्हा चट्ट्यावर, जरा दाबून. बाई डोळे मिटून तशीच उभी. शेवटी तीच म्हणाली, "करा ना ताई चालू."

ताईंनी पेन पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात ये. डॉक्टर पाहतीन. लवकर सापडलं, काही होत नाही." त्यावर त्या बाईनं हाताबद्दल विचारलं नाही, गोळ्यांबद्दल विचारलं नाही. तिनं विचारलं, "पोरीच्या लग्नाचं काय होईन जी?"

तिला वेड्यात काढू नका. कलंक नेहमीच एका माणसावर थांबत नाही, तो घरभर पसरतो, आणि आपल्याकडे घराचं मोजमाप लग्नाच्या बाजारात होतं. हा आजार आनुवंशिक नाही, पण आईला होता एवढं पुरतं. शिवाय भीतीला कायद्याचाही आधार होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या विवाहकायद्यांत २०१९ पर्यंत होतं. हिंदू विवाह कायद्यात, विशेष विवाह कायद्यात, ख्रिस्ती आणि मुस्लिम विवाहांशी संबंधित कायद्यांतही. म्हणजे सहा-बारा महिन्यांत बरा होणारा आजार, औषध येऊन जवळजवळ चार दशकं झाली तरी, नवऱ्याला बायको सोडायचं कारण म्हणून चालत होता. बायकोनंही नवऱ्याला सोडता येत होतं म्हणा, पण गावात दोहोंपैकी कुठलं जास्त घडलं असेल ते सांगायला नको.

कायद्याचा इतिहास इथे जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण भीती सरकारदरबारी कशी पोचते ते त्यात दिसतं. हवाई बेटांवर कुष्ठरोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन १८८९ मध्ये त्याच आजारानं गेले आणि ब्रिटिश साम्राज्यात घबराट उडाली. लगेच एक कुष्ठरोग आयोग हिंदुस्थानात आला, गावोगाव फिरला आणि १८९१च्या सुमाराला अशा निष्कर्षाला आला की हा रोग फारसा सांसर्गिक नाही, सक्तीनं कोंडून ठेवायची गरज नाही. शास्त्र असं सांगत असताना १८९८ मध्ये कायदा झाला, आणि तो कोंडण्याचाच. पण सगळ्यांना कोंडायचा नव्हे. रस्त्यावर भीक मागणारा, जखमा उघड्या टाकून बसणारा, ज्याच्याकडे जगायचं साधन दिसत नाही असा 'निर्धन' कुष्ठरोगी पोलिसांनी वॉरंटशिवाय पकडावा, असा तो कायदा. बंगल्यात राहणाऱ्या रुग्णाच्या दारात पोलीस जाणार नव्हते. जंतूला श्रीमंत-गरीब कळत नाही. कायद्याला कळत होतं, कारण कायद्याला जंतूपेक्षा दृश्याचा त्रास होत होता. हा कायदा औपचारिकपणे रद्द झाला २०१६ मध्ये.

मुंबईत वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९०चं, म्हणजे याच घबराटीच्या काळातलं. त्याला ज्यांचं नाव आहे ते अ‍ॅक्वर्थसाहेब तेव्हाचे महापालिका आयुक्त. तेच हे अ‍ॅक्वर्थ, ज्यांनी शाळिग्रामांच्या सोबतीनं मराठी पोवाडे गोळा करून छापले. मराठी पोवाड्यांवर जीव असलेला माणूस आणि बेघर महारोग्यांना शहराच्या रस्त्यांवरून उचलून एका आवारात ठेवणारा माणूस एकच. तो दुष्ट नव्हता. आवारात जेवण होतं, छप्पर होतं. पण दयेनंही माणूस वेगळा पडतो, ही गोष्ट आपल्याला उशिरा कळली.

महाराष्ट्रात, त्यातही विदर्भात, यावर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी उत्तरं शोधली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केलं. सेवाग्रामला १९३९ मध्ये परचुरेशास्त्री आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती, अंगभर कुष्ठ. आश्रमात इतर लोक आहेत, यांना ठेवायचं का, हा प्रश्न गांधीजींनाही पडला होता. शेवटी जवळच झोपडी बांधली आणि गांधीजी रोज त्यांच्या अंगाला मालिश करू लागले. ती परचुरे कुटी आजही तिथे आहे. तेव्हा बहुविध औषधं नव्हती, डॅप्सोनचा वापरही सुरू झाला नव्हता, हे लक्षात घेतलं की त्या हातांची किंमत कळते. ३० जानेवारी हा आपल्याकडे कुष्ठरोग निर्मूलन दिन असतो तो गांधीजींच्या या नात्यामुळे. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन १९४६चं.

आणि वरोऱ्याचं आनंदवन. बाबा आमट्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तिचा पहिला भाग लोक घाईनं सांगून मोकळे होतात: पावसात गटाराकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसल्यावर बाबा पळून गेले. घाबरले, आणि आपण घाबरलो याची लाज वाटून परत आले. कलंकाबद्दल बोलताना मला हा पळ फार महत्त्वाचा वाटतो. किळस आणि भीती बाबांनाही वाटली, ती वाटणं हा गुन्हा नाही. १९५१ मध्ये सहा रुग्णांना घेऊन ते माळरानावर राहायला गेले. सुरुवातीला तिथली भाजी वरोऱ्याच्या बाजारात कुणी घेईना. पुढे १९६०च्या दशकात याच माणसांनी कॉलेज उभारलं आणि त्यात आजूबाजूच्या गावांतली धडधाकट पोरं शिकायला येऊ लागली. ज्यांच्या हातची मेथी नको होती, त्यांनी बांधलेल्या वर्गात लोकांनी मुलं पाठवली. कलंकाची गाडी उलट्या दिशेनं ढकलण्याचं यापेक्षा हुशार उदाहरण मला माहीत नाही.

तरीही वसाहत ती वसाहत. कितीही सुंदर असली तरी ती गावाबाहेर असते, आणि गाव सुटकेचा निःश्वास टाकून मोकळं होतं. म्हणून मला त्याच सुमाराला, १९५१ मध्ये, वर्ध्यात सुरू झालेलं गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचं काम तितकंच मोठं वाटतं, जरी त्याच्यावर कुणी पोवाडा रचलेला नाही. त्यांनी रुग्णाला आश्रमात आणायच्या ऐवजी रुग्णाच्या घरी जायचं ठरवलं: गावोगाव तपासणी, लोकांशी बोलणं, घरीच औषध. आज आशाताई पेन घेऊन दारात येते ती या पद्धतीचीच पणती.

शब्दांकडेही जरा बघू. हिंदीत कोढ म्हणजे कुष्ठरोग, मराठीत कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. दोन्ही शब्द संस्कृत कुष्ठावरूनच आलेले, पण आजार अगदी वेगळे. कोडात कातडीचा रंग जातो, संवेदना जात नाही, आणि तो कुणाला लागत नाही. पण नावाच्या या गुंत्यामुळे कोड असलेल्या मुलीही लग्नाची वाट बघत घरात बसतात. मासे आणि दूध एकत्र खाल्लं की कोड फुटतं, नाग मारला की महारोग होतो, मागच्या जन्मीचं पाप फेडावं लागतं, असल्या समजुती दोन्ही आजारांना सारख्याच चिकटलेल्या. पापाची कल्पना फार सोयीची असते. समोरच्याचं दुःख त्याच्याच खात्यावर टाकता येतं आणि आपण सुरक्षित आहोत असं वाटतं, कारण आपण काही नाग मारलेला नाही. 'महारोगी' ही तर शिवीच झाली आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओडिशाच्या नगरपालिका कायद्यातलं, कुष्ठरोग्याला निवडणुकीसाठी अपात्र ठरवणारं कलम वैध ठरवलं, तेव्हा बहुविध औषधोपचार पाव शतकाचा झाला होता.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा वेगळ्या वाटेनं गेला. त्यात दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत 'कुष्ठरोगमुक्त व्यक्ती' असा प्रकार आहे. शब्द चांगला निवडला आहे, मुक्त म्हटलं आहे. पण सवलत हवी तर प्रमाणपत्र हवं आणि त्या प्रमाणपत्रावर पुन्हा कुष्ठरोग हा शब्द. म्हणजे हक्क मिळवायला तीच खूण पुढे करायची जी आयुष्यभर लपवली. आधारसाठी बोटांचे ठसे द्यायची वेळ येते तेव्हाही तसंच. पर्यायी नियम आहेत, पण खिडकीपलीकडच्या माणसाला ते समजावून सांगायला आधी सगळ्या रांगेसमोर हात वर करून दाखवावा लागतो.

बाहेरून येणारा हा निकाल हळूहळू आत उतरतो. मग घरच्यांनी सांगायची गरज उरत नाही. माणूस स्वतःच वेगळं ताट घेतो, बारशाला जात नाही, नातवाला मांडीवर घेताना हात मागे ओढतो. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलेलं असतं, तुमच्यापासून काही धोका नाही. ते त्याला पटलेलंही असतं. तरी तो हात मागेच जातो.

औषधही या खेळात निरपराध नाही. क्लोफाझिमिननं कातडी तांबूस-काळी पडते. औषध थांबल्यावर काही महिन्यांत रंग परत येतो, पण ते महिने शेजारणी मोजत असतात. "काय गं, उन्हात फार फिरतेस वाटतं?" गोऱ्या वर्णाची हौस असलेल्या आपल्या समाजात या एका गोळीमुळे किती जणींनी उपचार मध्येच सोडले असतील!

जगात दरवर्षी जितके नवे कुष्ठरुग्ण सापडतात त्यांतले निम्म्याहून जास्त भारतात असतात, लाखाच्या घरात. २००५च्या अखेरीस देशानं कुष्ठरोग 'दूर झाल्याचं' जाहीर केलं, म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण. हा हिशेब सार्वजनिक आरोग्याचा होता, घराघरांतल्या भीतीचा नव्हता. रुग्ण लवकर सापडला तर हात वाकडा होत नाही, आणि हात वाकडा दिसला नाही तर भीतीला धरायला काही उरत नाही. पण लवकर सापडायला माणसानं चट्टा दाखवावा लागतो, आणि तो दाखवत नाही कारण त्याला भीती वाटते. अंगावर फिकट, बधीर चट्टा असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तपासणीला पाच मिनिटं लागतात. घरातल्या इतरांनाही तिथे तपासतात आणि रोग टाळण्यासाठी रिफॅम्पिसिनचा एक डोस देतात.

त्या चट्टावाल्या बाईंबद्दल आशाताईंना नंतर फोनवर विचारलं होतं. दवाखान्यात गेली, म्हणाल्या. गोळ्या सुरू झाल्या. महिन्याचा पहिला डोस ताईंसमोर घेते, पाकीट घरी नेते आणि तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवते. सासूबाईंचे डोळे अधू आहेत, तांदूळ तीच निवडते.